कल्याणचे दप्तर कान्हेरीत

कल्याण हे दोन हजार वर्षांचे शहर आहे, असे आपण पाहुण्यांना अभिमानाने सांगतो. पाहुण्याने ‘मग दाखवा’ म्हटले की पंचाईत होते. दुर्गाडी दाखवता येते, शेणाळे तळे दाखवता येते. पण ती सारी अलीकडची. सोपाऱ्याचे तसे नाही. तिथे १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी स्तूप उकलला आणि बुद्धाच्या मूर्ती, करंडक, सोन्याची फुले असा ऐवज बाहेर काढला. त्याच परिसरात अशोकाच्या आज्ञालेखाचे तुकडेही मिळाले. कल्याणच्या पोटात जे असेल त्यावर मात्र शतकानुशतके घरांवर घरे चढत गेली.

तरीही कल्याण होते, भरभराटीचे होते, याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक दर्यावर्दीने ‘पेरिप्लस’ नावाचे बंदरांचे टिपण लिहिले. त्यात कल्याण ‘कल्लिएना’ या नावाने येते. तो सांगतो की, थोरल्या सारगनस राजाच्या वेळी हे बंदर रीतसर व्यापाराचे होते; पण ते संदनेसच्या हाती गेल्यापासून अडथळे वाढले आणि तिथे लागलेली ग्रीक जहाजे पहारा बसवून भरुकच्छला नेली जाऊ लागली. सहाव्या शतकात कॉस्मस हा दुसरा ग्रीक लेखक कल्याणचे पितळ, लाकूड आणि कापड यांची नोंद करतो. म्हणजे गाव होते, माल होता, जकातीवरून भांडणे होती. फक्त माणसे दिसत नाहीत. परदेशी माणूस माल मोजतो. तो माल कोणी घडवला त्याचे नाव तो कशाला विचारील?

ती नावे आहेत. मात्र ती कल्याणात नाहीत. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात, डोंगराच्या अंगावर, कान्हेरीच्या लेण्यांत ती कोरलेली आहेत. मुंबईकर कान्हेरीला स्वतःची सहलीची जागा मानतो आणि आपण बदलापूर-अंबरनाथकडचे लोकही तसेच मानत आलो. आपल्या वाट्याचा वारसा म्हणजे अंबरनाथचे शिवालय, कान्हेरी ‘त्यांची’, अशी एक अलिखित वाटणी झालेली आहे. माझ्या मते ती तपासून पाहिली पाहिजे, आणि तिला पहिला धक्का देते ती आपल्या दाराजवळून वाहणारी नदी.

उल्हास नदी राजमाचीच्या बाजूला घाटमाथ्यावरून खाली उतरते, कर्जत, नेरळ, वांगणी करत बदलापूरला येते, पश्चिमेच्या हेंद्रेपाड्यासारख्या वस्त्यांना अधूनमधून पावसाळ्यात घरात येऊन भेटते, आणि पुढे कल्याणला खाडीचे पाणी पिऊ लागते. त्यापुढे तिचा मुख्य ओघ साष्टी बेटाच्या उत्तर अंगाने, घोडबंदरवरून, वसईच्या खाडीत जातो. घोडबंदरच्या दक्षिणेला उभी असलेली डोंगररांग म्हणजेच आजचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. हेंद्रेपाड्याच्या काठावरून सोडलेला ओंडका कुठे अडकला नाही, तर तो कान्हेरीच्या डोंगराला वळसा घालूनच समुद्रात जाणार. आज आपण मध्य रेल्वेने दादरला जातो, गाडी बदलून बोरिवलीला उतरतो आणि कान्हेरी आडवाटेला आहे असे म्हणतो. नावेतून जाणाऱ्या माणसाला ती वाटेवरच होती.

नदीच्या उगमाकडेही पाहावे. राजमाचीच्या पायथ्याशी कोंढाण्याची लेणी आहेत, इसवी सनापूर्वीची. तिथल्या चैत्यगृहाजवळ एका भग्न मूर्तीशेजारी छोटा लेख आहे: कान्हाचा शिष्य बालक याने हे केले. घाटावरून येणारा तांडा कोंढाण्याजवळ खाली उतरे, उल्हासच्या खोऱ्याने कल्याण गाठी आणि तिथून माल गलबतात चढे. बदलापूर या नावाचा संबंध घोडे बदलण्याच्या ठाण्याशी जोडणारी आख्यायिका पुष्कळ नंतरची असली, तरी तिच्या मागे हीच वाट आहे. नदीच्या वरच्या टोकाला कोंढाणे, खालच्या टोकाला कान्हेरी, मध्ये कल्याणची पेठ. या खोऱ्याचा एवढा नकाशा मनात ठेवला तर पुढचे समजायला सोपे जाते.

आता डोंगराच्या दगडाविषयी थोडे. गुहा म्हटली की अनेकांच्या डोळ्यांसमोर आंध्रातल्या बोरा गुहा येतात, नाहीतर बस्तरच्या कांगेर खोऱ्यातली कुटुमसरची गुहा. नागपूरकडची मंडळी जगदलपूरला गेली की ती पाहून येतात. छतातून लोंबणारे आणि जमिनीतून वर आलेले चुन्याचे खांब, अंधारात राहून दृष्टी गमावलेले मासे, कंदिलाच्या उजेडात चमकणाऱ्या भिंती. त्या गुहा कोणी खोदल्या नाहीत. पावसाचे पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आंबट होते, चुनखडकाच्या भेगांत शिरते, दगड विरघळवते आणि लाखो वर्षांत दालनांमागून दालने उघडते. मेघालयात अशी तीस किलोमीटरहून लांब गुहा आहे. महाराष्ट्रात चुनखडक आहे तो वणी-कोरपन्याकडे, आणि आपण त्याचे सिमेंट करतो.

सह्याद्रीला हे सुख नाही. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा हा डोंगर. पाण्याने तो झिजतो, फुटतो, त्याची माती होते, पण साखरेसारखा विरघळून तो दालने देत नाही. कान्हेरीचा खडक लाव्ह्याच्या थरांपेक्षा थोडा वेगळा आहे. ज्वालामुखीची राख आणि दगडांचे तुकडे एकत्र घट्ट होऊन तो बनला, त्यामुळे छिन्नी त्यात बरी चालते. मात्र त्याच कारणाने तो वाऱ्यापावसाने लवकर खडबडीत होतो आणि अक्षरे खातो. गुहा हवी तर ती हातानेच करायला हवी होती, आणि ती इथे शंभराहून अधिक वेळा केली गेली. पुरातत्त्व खात्याचे क्रमांक १०९ पर्यंत जातात. इसवी सनाच्या सुरुवातीच्या आसपास आरंभ झालेला हा उद्योग या ना त्या रूपात जवळजवळ हजार वर्षे चालला. वेरूळ आणि अजिंठा धरूनही, एकाच डोंगरावर इतकी लेणी आणि इतका दीर्घ मुक्काम दुसरीकडे नाही.

पण लेण्यांपेक्षा अवघड प्रश्न पाण्याचा होता. चुनखडकाच्या गुहेत पाणी आपोआप असते; तिला घडवणारेच ते. कान्हेरीवर चार महिने धो धो पाऊस पडतो, मधला ओढा फुगतो, आणि डिसेंबर उजाडला की दगड कोरडा ठणठणीत. शेकडो भिक्षूंनी वर्षावासात इथे राहावे हे ठीक. ते बारा महिने राहणार असतील तर वैशाखात प्यायचे काय? त्याचे उत्तर प्रत्येक लेण्याच्या अंगणात आहे. दर्शनी भागाच्या एका बाजूला, जमिनीच्या पातळीवर, लहानसे चौकोनी तोंड असते आणि आत मोठे टाके. कपाळपट्टीवरून ओघळणारे पाणी बारीक पन्हळींतून त्यात उतरते. पन्हळी कुठे बोटभर रुंद, कुठे वीतभर; एका टाक्यातले जादा पाणी खालच्या लेण्याकडे जाते. तोंड लहान ठेवल्याने ऊन आणि पाचोळा कमी जातो. आपण याला टाके म्हणतो. तिथले लेख त्याला पोढी म्हणतात, ‘पाणियपोढी’, पाण्याची पोढी. सह्याद्रीतल्या लेण्यांत आणि किल्ल्यांवर हिंडणारे लोक हा शब्द आजही वापरतात, आणि मराठीच्या पणजीने वापरलेला शब्द दोन हजार वर्षांनी पुन्हा तोंडात आल्याचा मला तरी आनंद होतो.

कान्हेरीच्या दानलेखांत सर्वांत अधिक वेळा आढळणाऱ्या दानांपैकी ही पोढी आहे. आणि देणारे कोण? कल्याणचा सोनार सामिदत. सोपाऱ्याचा मणिकार, म्हणजे रत्ने पारखणारा-घडवणारा, नागपालित. चौलचा रोहिणीमित्र आणि त्याच्या घरातली माणसे. अपरान्तातली दामिला नावाची स्त्री. तिच्या लेखात डोंगराचे नाव ‘कन्हसेल’ असे येते, म्हणजे कृष्णशैल, काळा डोंगर. त्याचेच पुढे कृष्णगिरी आणि मग कान्हेरी झाले. धेनुकाकटची सापा ही भिक्षुणी एक लेणेच देते. कल्याणचा लोहार नंद याने दिलेले दान मला सगळ्यांत आवडते. त्याने दिली एक वाट. डोंगरावर चढायचा रस्ता त्याने स्वखर्चाने करून दिला आणि तसे लिहून ठेवले. ज्या छिन्न्यांनी हा डोंगर फोडला त्या पाजळणाऱ्या धंद्यातला हा माणूस. त्याला वाटेचे मोल ठाऊक असणारच.

लेण्यांचा विषय निघाला की आपल्याकडे दोनच उत्तरे ठरलेली असतात: एक तर पांडवांनी एका रात्रीत कोरली, नाहीतर अमक्या राजाने कोरवून घेतली. दुसरे उत्तर शाळेच्या पुस्तकामुळे प्रतिष्ठित झाले आहे, पण कान्हेरीपुरते ते पहिल्याइतकेच सदोष आहे. राजाचे नाव इथे बहुधा काळ सांगण्यासाठी येते. पैसे दिले ते पेठेतल्या लोकांनी.

याला एक देखणा अपवाद पाचव्या लेण्याच्या पोढीवर आहे. इथला लेख संस्कृतात आहे, आजूबाजूचे बहुतेक दानलेख प्राकृतात असताना. वासिष्ठीपुत्र सातकर्णी या सातवाहन राजाची राणी, कार्दमक वंशातली, महाक्षत्रपाची मुलगी. तिच्याशी संबंधित सतेरक नावाच्या अमात्याने ही पोढी दिली. वडिलांच्या नावातले ‘रु’ एवढेच अक्षर शिल्लक आहे, पुढे दगड गेला. अभ्यासक त्याला रुद्रदामन मानतात. हा तोच रुद्रदामन, ज्याने इसवी सन १५० च्या जुनागढच्या लेखात लिहून ठेवले की दक्षिणापथपती सातकर्णीला मी दोनदा उघड लढाईत हरवले, पण जवळचे नाते म्हणून उच्छेद केला नाही. ते जवळचे नाते कोणते याचा उलगडा कान्हेरीच्या पाण्याच्या टाक्यावर होतो! बाप आणि नवऱ्याचे घराणे कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांसाठी झगडत होते, पेरिप्लसमधला जहाजांवरचा पहारा याच झगड्याच्या आधीच्या फेरीतला, आणि या राणीचे नाव टिकले नाही, नाती मात्र टिकली. सोनाराने दिले तेच तिच्या अमात्याने दिले: एक पोढी.

दान एकदा देऊन भागत नसे. काही दात्यांनी अक्षयनीवी ठेवली, म्हणजे मूळ ठेव मोडायची नाही, उत्पन्न तेवढे वापरायचे. मागठाण्याचे शेत अशा एका दानात येते. बोरिवलीचे मागाठाणे ते हेच, आज तिथून मेट्रो जाते. त्या उत्पन्नातून भिक्षूला चीवरासाठी सोळा कार्षापण आणि ऋतुकाळात दरमहा ठरावीक रक्कम मिळावी अशी तरतूद दिसते. पायताणांचाही खर्च काही ठिकाणी धरलेला आहे. ज्याने ही कलमे घातली तो व्यापारी हिशेबाला पक्का होता. वसईच्या किंवा कल्याणच्या जुन्या पेढीवरच्या दिवाणजीने केलेली यादी वाचावी तसे ते लेख वाचताना वाटते.

तिसऱ्या क्रमांकाचे चैत्यगृह हे कान्हेरीतले सर्वांत मोठे काम, यज्ञश्री सातकर्णीच्या काळातले, दुसऱ्या शतकाच्या अखेरचे. गजसेन आणि गजमित या व्यापारी भावांनी ते उभे केले. लेखात काम पाहणाऱ्या भिक्षूंची नावे आहेत आणि ‘सेलवढकी’, म्हणजे दगडावरचे सुतार, शिवाय इतर कारागिरांचे प्रकारही नोंदलेले आहेत. कार्ल्याच्या चैत्याची नक्कल करायचा बेत होता हे उघड दिसते, आणि तो पुरा पडला नाही हेही दिसते. चौतीस खांबांपैकी काहींनाच घटाचे तळखडे आणि हत्ती-माणसांचे शिरोभाग आहेत. बाकीचे अष्टकोनी, साधे, घाईत सोडलेले. जाणकारांनी कान्हेरीला कार्ल्याच्या तुलनेत कमी गुण दिले, ते योग्यच आहे. पण पैसे कुठे संपले हे सांगणारे खांब मला पुऱ्या कोरलेल्या खांबांहून जास्त बोलके वाटतात. बाहेरच्या ओवरीतले सात मीटर उंचीचे दोन बुद्ध नंतरच्या दात्यांचे, सुमारे पाचव्या-सहाव्या शतकातले.

या नंतरच्या काळाकडे थोडक्यात पाहू. त्रैकूटक संवत २४५, म्हणजे इसवी सन ४९४ च्या सुमारास, सिंधुदेशातल्या बुद्धरुची नावाच्या माणसाने इथे स्तूप बांधवला. १८३९ मध्ये डॉ. जेम्स बर्ड यांनी चैत्यासमोरचा स्तूप खणला तेव्हा त्याचा ताम्रपट हाती लागला. नवव्या शतकात शिलाहारांचे तीन लेख येतात, शके ७६५, ७७५ आणि ७९९. त्यांतल्या एकात गौड देशाहून, म्हणजे बंगालमधून, आलेला गोमिन अविघ्नाकर शंभर द्रम्म ठेवतो आणि भिक्षूंसाठी ध्यानाच्या खोल्या करवतो. याच शिलाहार घराण्यातल्या मुम्मुणीच्या वेळचा शके ९८२ चा, म्हणजे १०६० चा लेख अंबरनाथच्या देवळात आहे. कान्हेरी बौद्ध आणि अंबरनाथ शैव, म्हणून आपण ती दोन वेगळ्या कप्प्यांत टाकतो. ज्यांच्या राज्यात दोन्ही होती त्यांचे सरकारी दप्तर एकच होते.

नव्वदाव्या लेण्यातले पहलवी लेख तर दिवाळी अंकात सांगितलेच पाहिजेत. इराणी वंशाच्या जरथुश्त्री पाहुण्यांनी आपापल्या नावांच्या याद्या आणि तारखा तिथे कोरल्या: १० ऑक्टोबर १००९, २४ नोव्हेंबर १००९ आणि ३० ऑक्टोबर १०२१. दान नाही, नवस नाही. आलो होतो, एवढेच. पाऊस संपून ओढा उतरलेला आणि गवत अजून हिरवे, हा हंगाम त्यांनी बरोबर हेरला होता. हजार वर्षांपूर्वीचे सुट्टीतले पर्यटकच ते, फक्त भिंतीवर नाव कोरण्याची सवय तेव्हाही होती याचे वाईट वाटावे की आनंद, ते ठरत नाही.

पुढे भिक्षू गेले. सोळाव्या शतकात साष्टी पोर्तुगीजांकडे आली, तेव्हा फ्रान्सिस्कन पाद्र्यांनी चैत्यगृहात चर्च थाटले. दियोगु दु कूटो या इतिहासकाराने फ्राय अंतोनियु दु पोर्तु याची एक हकिकत लिहून ठेवली आहे. डोंगराखालून एक भुयार थेट खंबायतपर्यंत जाते अशी लोकवार्ता होती. पाद्रीबुवांनी वीसेक माणसे, बंदुका आणि शिधापाणी घेऊन आत प्रवेश केला, सात दिवस चालले, शेवट लागेना, आणि शिधा संपत आल्यावर परतले. या खडकात सात दिवस चालता येईल असे भुयार असू शकत नाही, हे वरच्या भूगर्भाच्या हिशेबावरून स्पष्ट आहे. पण समजूत कशी जन्मली ते कळते. लेण्यामागून लेणे, प्रत्येकात खोली, खोलीपुढे टाके, पायऱ्यांनी वर, पुन्हा तेच. शंभर ठिकाणी शिरून बाहेर आलेल्या माणसाला डोंगर पोकळ वाटला तर नवल नाही. माणसांच्या हजार वर्षांच्या कामाला त्यांनी निसर्गाचे, नाहीतर जादूचे भुयार ठरवले. लेख वाचता येत नव्हते, त्यामुळे सोनार, लोहार, मणिकार सारे मुके होते.

त्यांना वाचा दिली ती एकोणिसाव्या शतकाने. हेन्री सॉल्टचा साष्टीच्या लेण्यांवरचा निबंध १८१९ मध्ये छापला गेला, पण त्याच्या वेळी ब्राह्मी लिपी उलगडलेली नव्हती. ती १८३० च्या दशकात प्रिन्सेपने वाचली. कान्हेरीचे लेख शिस्तीने उतरवून घेतले एडवर्ड वेस्टने, १८६० नंतरच्या दोन-तीन वर्षांत. हा गृहस्थ पेशाने जीआयपी रेल्वेचा अभियंता. आपल्या बदलापूरवरून गेलेला लोहमार्ग १८५६ चा, त्याच रेल्वेचा. वेस्टने पहलवीही शिकून घेतली आणि वरचे पारशी लेख लावले. मग भगवानलाल इंद्रजी आणि बर्जेस यांचे १८८१ चे वाचन, आणि आपल्या काळात डेक्कन कॉलेजच्या डॉ. शोभना गोखले. त्यांचे ‘कान्हेरी इन्स्क्रिप्शन्स’ १९९१ मध्ये निघाले. कान्हेरीची निर्वाणवीथी, म्हणजे दिवंगत स्थविरांच्या विटांच्या स्मारकस्तूपांची ओळ, तिथल्या लेखांसह अभ्यासून त्यांनीच जगापुढे मांडली.

जाणाऱ्याने एक करावे. उद्यानाच्या दारापासून लेणी सहा-सात किलोमीटर आत आहेत. बस मिळते, पण हिवाळ्याच्या सकाळी पायी गेल्यास डोंगर कळतो. चैत्यगृह आणि मोठे बुद्ध पाहून बहुतेक लोक परततात. त्यांनी वर चढून जावे. अकराव्या लेण्यातले दगडी बाक पाहावेत, एकेचाळिसाव्यातला अकरा मुखांचा अवलोकितेश्वर पाहावा, चौतिसाव्याच्या छतावरचे अर्धवट रंगवलेले बुद्ध पाहावेत. आणि सगळीकडे पायांखाली पाहावे, पन्हळी चुकवू नयेत. याच डोंगराच्या कुशीत १८६० मध्ये विहार आणि १८७९ मध्ये तुळशी हे तलाव मुंबईच्या नळांसाठी बांधले गेले; त्यांच्या पाणलोटाला हात लावू नये म्हणून जंगल राखले गेले, आणि त्या राखलेल्या जंगलातूनच पुढे आजचे सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे उद्यान झाले. पोढ्यांनी भिक्षूंना पाणी दिले, धरणांनी शहराला. अंबरनाथच्या देवळाला लागून वाहणाऱ्या वालधुनीचे आपण काय केले, ते इथे आठवल्याशिवाय राहत नाही.

एक नोंद शेवटी ठेवली आहे. कान्हेरीच्या एका दानलेखात कल्याणच्या अंबालिका विहाराचे नाव येते. पैठणला दान, इकडे शेत, तिकडे खोल्या अशा यादीत हा विहार असतो, म्हणजे डोंगरावर दान देणाऱ्यांनी गावातही वास्तू उभ्या केल्या होत्या. कल्याणात आज त्याची एक वीटही दाखवता येत नाही, आणि स्टेशनापासून खाडीपर्यंतचा पाया कुठेही खणला की पहिल्याच दिवशी काँक्रीट ओतले जाते. या विहाराचा पत्ता सध्या बोरिवलीचा आहे.